कसे कापू?

दुकानात खुर्च्या दोन होत्या आणि त्यांतली एक दहा-अकरा वर्षं रिकामी होती. रिकामी म्हणजे अगदीच रिकामी नव्हे. तिच्यावर जुने पेपर असत, गिऱ्हाइकांच्या छत्र्या असत, एकदा तर शेजारच्या बेकरीतली मांजर पिल्लांना घेऊन आठवडाभर तिच्यावर मुक्कामाला होती. पण केस कापायला म्हणून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. एखादा नवखा माणूस बेंचावर जागा नाही म्हणून पेपर बाजूला सारून तिथे टेकायला गेला, तर धाकटा हातातल्या वस्तऱ्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "ती दादाची आहे." नवख्याला वाटायचं, दादा आत कुठेतरी हात धुतोय. तो बिचारा थोडा वेळ आतल्या दाराकडे बघत उभा राहायचा. दादा त्या वेळी समुद्रापलीकडच्या एका थंड शहरात, काचेच्या दाराआड, भलत्याच कुणाचे तरी केस कापत असायचा.

मग एके दिवशी दादा परत आला. कायमचा आला, असं धाकट्याने रस्त्यावरच्या सगळ्यांना सांगितलं. कायमचा हा शब्द दादाच्या तोंडून निघाला होता की धाकट्याच्याच, याची चौकशी कुणी केली नाही. आनंदाच्या बातमीत कोण एवढं खोलात शिरतं?

धाकट्याने खुर्चीवरचे पेपर उचलले, सीटला नवं रेक्झिन चढवलं, वरखाली करायच्या दांडीला तेल दिलं आणि दादाच्या बाजूचा आरसा इतका पुसला की त्यात बघायला संकोच वाटावा. दादाने आपली चामड्याची घडी उलगडून कात्र्या मांडल्या. एकीपेक्षा एक. बेंचावरच्या मंडळींनी माना लांब करून पाहिल्या, आणि मग विचारलं, की तिकडे थंडी फार का हो? दादा म्हणाला, "हो, असते." मंडळी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलं नाही.

दुकान वडिलांनी काढलेलं. वडील बोलायला लागले की कात्रीला दम लागायचा. पण एक प्रश्न त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला केला नाही. कसे कापू? माणूस दारातून येऊन खुर्चीत बसेपर्यंत त्यांचं मनातल्या मनात अर्धं डोकं कापून झालेलं असायचं. कुणाचा एक कान जरा मोठा, म्हणून तिथे केस झुकते ठेवायचे, कुणाची मान आखूड, म्हणून मागून उंच चढवायचे, हे सगळं त्यांच्या बोटांना पाठ. एखाद्याने हौसेने सांगितलंच, की यंदा जरा वेगळं काहीतरी करा, तर वडील शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि नेहमीसारखे कापायचे. गिऱ्हाईकही खूश. मुलांनी हेच उचललं. दोन बोटं टाळूवर ठेवली की डोकं आपोआप खाली जायचं, हनुवटीला अंगठा लागला की वर यायचं. या दुकानात येणारी डोकी ती बोटं ओळखत होती.

परदेशात दादाने पहिल्याच दिवशी अशीच दोन बोटं एका गिऱ्हाइकाच्या टाळूवर ठेवली, आणि ते गिऱ्हाईक असं उसळलं, जणू कुणी सदऱ्याच्या आत बर्फ सोडला. मालक धावत आला. मालकाच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण धंदा त्याला पक्का ठाऊक होता. त्याने दादाला बाजूला घेऊन हातवारे करत समजावलं. मान खाली करायची, तर आधी विचारायचं. पाणी मारायचं, तर विचारायचं. आणि कसे कापायचे ते तर विचारायचंच, कारण एकदा कापले की परत चिकटवता येत नाहीत. दादाला तिथल्या भाषेतली मोजकी वाक्यं शिकवली गेली आणि त्या वाक्यांवर त्याने एवढी वर्षं काढली. कसे कापू? कान झाकू की उघडे ठेवू? पाणी फार गार नाही ना? शेवटी छोटा आरसा डोक्यामागे धरायचा, डावीकडून, उजवीकडून, आणि विचारायचं: ठीक आहे? बाकी तोंडाला कुलूप.

गंमत म्हणजे तिथल्या लोकांना ते कुलूपच आवडलं. दिवसभर बोलून वैतागलेली माणसं मुद्दाम त्याची वेळ मागून घ्यायची, कारण त्याच्या खुर्चीत गप्प बसायला मिळायचं. टकल्या मालक त्याला लाडाने मुका म्हणायचा.

असा हा मुका घरी आला.

आल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दुपारी धाकट्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि तो दादाच्या खुर्चीत येऊन बसला. ही त्यांची जुनी पद्धत. केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, म्हणून दोघे भाऊ सुट्टीच्या दुपारी एकमेकांचे कापायचे, आणि कापता कापता घरच्या सगळ्या भानगडी निस्तरायचे. दादाचं लग्न याच खुर्चीत ठरलं होतं. धाकट्याचं एक ठरता ठरता मोडलं होतं तेही इथेच.

दादाने कपडा झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधला, कंगवा हातात घेतला, आरशात बघितलं आणि म्हणाला, "हं. कसे कापू?"

धाकटा हसला. दादाही हसला, पण उत्तरासाठी थांबून राहिला. धाकट्याने आरशातून त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग गळ्यामागची गाठ सोडली आणि म्हणाला, की अरे, घरी गॅस चालू राहिला की काय, बघून येतो. गेला तो गेलाच. दादाने कात्री पुसून जागेवर ठेवली. गॅस बंदच होता, हे संध्याकाळी कळलं आणि त्याच्या जिवात जीव आला. त्यापलीकडे त्याच्या मनात काही आलं नाही.

दादाच्या खुर्चीत पहिलं गिऱ्हाईक म्हणून बसायचा मान पोस्टमास्तरांनी घेतला. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी रस्ता त्यांना पोस्टमास्तरच म्हणतो, आणि तेही रोज सकाळी बेंचावर अशी हजेरी लावतात, की टपाल इथूनच सुटायचंय. त्यांच्या शेजारी चष्मेवाला. त्याचं दुकान रस्त्यापलीकडे. पण स्वतःच्या दुकानात बसून कंटाळण्यापेक्षा इथल्या आरशातून आपल्या दारावर लक्ष ठेवणं त्याला परवडतं. गिऱ्हाईक दिसलं की पळत जातो. अलीकडे पळावं लागलेलं नाही.

पोस्टमास्तर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बसलं की मिटायचे आणि पावडरच्या वासाने उघडायचे, हा त्यांचा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता.

"कसे कापू, काका?" दादाने विचारलं. आवाज मऊ, अदबशीर, तिकडून आणलेला.

पोस्टमास्तरांनी डोळे उघडले. "म्हणजे?"

"म्हणजे, बारीक की मध्यम? कान उघडे ठेवू का?"

"कान माझे जन्मापासून उघडेच आहेत," पोस्टमास्तर म्हणाले.

बेंच हसला. पण दादाने पुढे पाणी मारायच्या आधी विचारलं, मान वाकवायच्या आधी विचारलं, कल्ले सरळ की तिरपे तेही विचारलं. गुंगी देऊन टेबलावर झोपवलेल्या माणसाला डॉक्टरने घडीघडीला उठवून विचारावं, की आता कुठे चिरू, तशी पोस्टमास्तरांची गत झाली. तेही त्यांनी सोसलं असतं. पण काम संपल्यावर दादाने सवयीने छोटा आरसा उचलला आणि त्यांच्या डोक्यामागे धरला.

आता एक गोष्ट अख्ख्या रस्त्याला ठाऊक होती आणि एकट्या पोस्टमास्तरांना नव्हती. त्यांच्या डोक्याच्या मागे, बरोबर मध्यावर, बशीएवढी जागा केव्हाच मोकळी झाली होती. पुढून केस अजून दाट, भांग झोकात, त्यामुळे मागच्या कारभाराचा त्यांना पत्ता नव्हता. चष्मेवाल्याच्या टकलावर ते खुशाल विनोद करायचे. धाकटा वर्षानुवर्षं त्या बशीच्या कडेचे केस हळुवार वळवत आला होता आणि याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. दादाने ती बशी डावीकडून दाखवली, उजवीकडून दाखवली आणि विचारलं, "ठीक आहे?"

पोस्टमास्तरांनी बराच वेळ आरशात बघितलं. मग म्हणाले, "हे कुणाचं?"

ते उठले, कॉलर झटकून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून बेंचाच्या टोकाला, पाठ भिंतीला टेकवून बसायला लागले.

झालं. दादाच्या खुर्चीला पुन्हा डोकं मिळेना. माणसं यायची, धाकट्याच्या खुर्चीत कुणी असलं तर बेंचावर टेकायची. दादा म्हणायचा, या ना. माणसं म्हणायची, छे छे, आम्हाला कुठे घाई आहे, आणि तोच पेपर उलटीकडून वाचायला घ्यायची. बाहेर जाऊन आला आणि शिष्ट झाला, बोलत नाही, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्याने जरा मीठमिरची लावून तिसऱ्याला. दादाच्या कानावर ते आलं तेव्हा त्याला खरंच काही समजेना. तिकडे तो सगळं विचारायचा म्हणून लोक त्याला चांगला म्हणायचे. बोलत नाही म्हणून तर जास्तच चांगला म्हणायचे. तोच हात, त्याच कात्र्या. मग चुकतंय कुठे?

घरी तरी सरळ होतं का? आंघोळीनंतर त्याने टॉवेल आपल्या जुन्या खुंटीला अडकवायला घेतला, तर खुंटीवर मुलीची खेळाची बॅग. दुसरी खुंटी कुठे आहे, ते विचारलं तर मुलगी म्हणाली, दुसरी कुठली खुंटी? सकाळी बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, साखर किती घालू?" तिकडे तो बिनसाखरेचा पीत असे, इथे असताना भरपूर साखरेचा. आता नक्की कुठला आपला, हे त्यालाच ठरवता येईना, म्हणून म्हणायचा, "घाल कितीही." मग चहा कधी गोड, कधी अगोड. आणि दर सकाळी आतून तो प्रश्न आला की दादा उगाच सावरून बसायचा. का, ते कळायचं नाही.

एवढी वर्षं रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. त्या वेळेला मायलेकी हातातलं आवरून बाहेरच्या खोलीतल्या कोचावर येऊन बसायच्या. तो घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारीही दोघी सवयीने येऊन बसल्या. तोही सवयीने फोन हातात घेऊन समोर बसला. तिघं एकमेकांकडे बघत राहिली. फोनवर ही मुलगी शिक्षकांच्या नकला करायची, मैत्रिणींची भांडणं पात्रांसकट वठवायची. आता बापाने विचारलं, काय म्हणतेस, तर म्हणाली, "काही नाही." थोड्या वेळाने ती उठली आणि म्हणाली, "बरं बाबा, ठेवते." आणि मग स्वतःच जीभ चावली.

तिकडून आणलेली मोठी बॅग अजून खोलीत उभी होती, पलंग आणि कपाट यांच्यामध्ये, तिसऱ्या माणसासारखी. तो रोज तिच्यातूनच शर्ट काढायचा. बायको दोन-चार दिवसांआड विचारायची, "ही माळ्यावर टाकू का?" तो म्हणायचा, "राहू दे अजून." का राहू दे, हे त्याने सांगितलं नाही. तिने खोदून विचारलं नाही. बॅगेला वळसा घालून पलंगाकडे जायची तिची सवय मात्र पक्की होत चालली होती.

अशात टकल्या मालकाचा फोन आला. तुझ्या जागी ठेवलेला माणूस भयंकर बडबड्या निघाला, गिऱ्हाइकं हैराण झाली आहेत, मुका कुठे आहे म्हणून विचारतात. खुर्ची महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवतो. तिकीट पाठवतो. त्यानंतर मात्र दुसरा माणूस बघावा लागेल. दादाला एवढं सगळं समजलं, पण उत्तर द्यायला वाक्य नव्हतं. तो म्हणाला, "ठीक आहे?" मालकाला वाटलं, ठीक आहे म्हणाला.

त्याने ते बायकोला सांगितलं. ती वाळलेले कपडे आवरत होती. तिने दोन उशांचे अभ्रे घालून घेतले.

"मी जा म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही," ती म्हणाली. "एवढी वर्षं भेटेल त्याला सांगत आले, येणार आहेत, येणार आहेत. आता कुठे, आले म्हणायची सवय होतेय. तेवढं ध्यानात असू द्या."

यातून जा निघतं की राहा, हे तो बराच वेळ शोधत बसला. तिकडे एक खुर्ची त्याच्यासाठी अडवून ठेवलेली, माणसं विचारणारी. इथे एक खुर्ची भावाने त्याच्यासाठी एवढी वर्षं अडवून ठेवलेली, आणि कुणी बसायला तयार नाही. धाकट्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून त्याने सांगितलंच नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी धाकटा केस कापून दुकानात आला.

दादाने ते पाठमोऱ्या मानेवरून ओळखलं. या दुकानात मानेवरची कड गोल काढतात. ही सरळ होती, पट्टी ठेवून आखल्यासारखी. असा हात रस्त्यात एकाचाच. चष्मेवाल्याच्या दुकानाला लागून जे दुसरं सलून आहे, त्याच्या मालकाचा. त्याला सगळे समोरचा म्हणतात. खुद्द त्याच्या गल्लीतही तो समोरचाच. धंद्यात दोघांची चढाओढ, पण चहा रोज इकडे. दादा गेल्यापासून धाकटा समोरच्याकडून कापून घ्यायचा आणि समोरचा धाकट्याकडून. तेव्हा इलाज नव्हता. पण आता?

दादाने आरशात बघितलं. बेंचावर पोस्टमास्तर आणि चष्मेवाला एकदम पेपर वाचायला लागले. पेपर एकच होता.

म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. चष्मेवाल्याला तर स्वतःच्या दारातून दिसत होतं. आणि बेंचाचं म्हणणंही साधं होतं: सख्खा भाऊ ज्या खुर्चीत बसत नाही, तिथे आपण कशाला डोकं द्यायचं?

सुट्टीच्या दुपारी धाकटा टॉवेल धुऊन वाळत घालायला दुकानात आला, तेव्हा दादाने शटर अर्धं खाली ओढलं.

"समोरच्याकडे कापलेस?"

"हो."

"मी इथे असताना?"

धाकट्याने हातातला टॉवेल पिळून पिळून अगदी दोरीसारखा केला. "तू इथे होतास?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आलास त्या आठवड्यात बसलो होतो ना मी तुझ्यापुढे. तू मला विचारलंस, कसे कापू."

"विचारलं तर काय बिघडलं?"

"मला विचारलंस, दादा. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे डोकं तुझ्या हातात. मला वाटलं, हा दुसराच कोणीतरी आहे, दादाचा शर्ट घालून आलाय. घाबरलो मी. गॅसबिस काही नव्हतं."

दादाला सकाळचा तो स्वयंपाकघरातून येणारा प्रश्न आठवला. साखर किती घालू? बायको आपली आस्थेने विचारते, पाहुण्याला विचारतात तसं. रोज आपण सावरून का बसतो, हे त्याला क्षणभर कळल्यासारखं वाटलं, आणि नीट धरायला जावं तोवर निसटलं. मग त्याने मालकाच्या फोनचं सांगून टाकलं. महिनाअखेरचं, तिकिटाचं, सगळं.

धाकट्याच्या हातातला टॉवेल आपोआप उलगडला. "मग ही परत पेपरांनाच द्यायची का?" त्याने खुर्चीकडे बघत विचारलं.

"बस," दादा म्हणाला.

"परवाच तर कापलेत."

"बस म्हणतो ना."

धाकटा बसला. दादाने कपडा बांधला, कात्री उचलली आणि त्याचं घोडं तिथेच अडलं. डोक्यावर कापायला काही शिल्लकच नव्हतं. जे होतं ते ओळखीचं नव्हतं. कानांवर पांढरं झालेलं, पुढून विरळ झालेलं, मागचे दोन भोवरे तेवढे जुने. हे असं कधी झालं? कसे कापतात याचे? प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. दादाने तो गिळला. गिळल्यावर करायचं काय, ते सुचेना, म्हणून त्याने दोन बोटं टाळूवर ठेवली.

डोकं आपोआप खाली गेलं.

मग कात्री चालू झाली ती थांबेना, कारण कात्री थांबली तर बोलणं थांबेल असं दोघांनाही वाटत होतं. धाकटा खाली मान घालून सांगत होता. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात फोनवर सगळं ठीक आहे म्हणायचो, तेव्हा काही ठीक नव्हतं. शेवटी शेवटी दाढी करताना ते मला दादा म्हणून हाक मारायचे. मी ओ द्यायचो. दादा सांगत होता, की तिकडे एक म्हातारं गिऱ्हाईक नेमाने यायचं, डोक्याला काही झालेलं नसताना यायचं, आणि एकदा गरम टॉवेलाखाली ते रडलं. काय झालं म्हणून विचारायचं होतं, पण तेवढं वाक्य मला येत नव्हतं. मी विचारलं, पाणी फार गार नाही ना?

एक बाजू जरा वर गेली, म्हणून दुसरी चढवली. दुसरी जास्त चढली, म्हणून पहिली. कपडा सोडला तेव्हा दोघांनी आरशात बघितलं.

"दादा, हे काय रे केलंस?"

"कापले," दादा म्हणाला.

एवढं हसू त्या दुकानाने वडिलांच्या माघारी ऐकलं नव्हतं. शटरखालून रस्त्यावरच्या कुत्र्याने डोकावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा हातातला कंगवा न ठेवता रस्ता ओलांडून धावत आला. अरे, हे कुणी केलं? लोक मला विचारताहेत. माझ्या धंद्यावर आळ येईल. धाकट्याने आपलं डोकं डावीकडून दाखवलं, उजवीकडून दाखवलं आणि म्हणाला, "दादाने केलं." हे तो अशा ऐटीत म्हणाला, की समोरच्याने कंगवा खिशात खोचला आणि तो चहाला बसला.

पोस्टमास्तर उठले. धाकट्याभोवती त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. चढलेली बाजू बघितली, जास्त चढलेली बाजू बघितली.

"असं डोकं घरचाच माणूस करू शकतो," ते म्हणाले. "परक्याची छाती नाही."

मग भिंतीची साथ सोडून, बशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मिरवत ते चालत गेले, दादाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

दादाने कपडा बांधला. पोस्टमास्तरांचे केस नेहमी कसे असतात, हे त्याला अजिबात आठवत नव्हतं. त्याने दोन बोटं टाळूवर ठेवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "काका, तिकडे थंडी फार असायची. दाढीचा साबण सकाळी दगड झालेला असायचा." बेंच एकदम पुढे सरकला. महिन्याभरापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं पुढचं वाक्य आत्ता आलं होतं.

कल्ल्यांपाशी पुन्हा पंचाईत. सरळ की तिरपे? त्याने एक सरळ काढला आणि थांबला. मग दुसराही सरळ काढला. पोस्टमास्तर झोपले आहेत की रागावले आहेत, हे मिटल्या डोळ्यांवरून कळेना.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दादाच्या एका हाताचा अंगठा पोस्टमास्तरांच्या हनुवटीला, दुसऱ्या हातात वस्तरा. धाकट्याने फोन काढून नाव बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"टकल्या," तो म्हणाला. "काय सांगू?"

दादाने मानेवरची कड गोल काढत आणली होती. त्याला वर बघवेना. "त्याला सांग, खुर्चीत गिऱ्हाईक आहे."

परभाषेत बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलायचं, अशी धाकट्याची समजूत. "दादा बिझी," तो ओरडला. "चेअर फुल. इथली. इकडची चेअर." पलीकडून काहीतरी आलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाला?"

"हसला बहुतेक," धाकटा म्हणाला. "नाहीतर खोकला असेल."

पावडरचा ब्रश फिरला. पोस्टमास्तरांनी डोळे उघडले, पुढून स्वतःला बघितलं आणि हुंकार भरला. दादाचा हात सवयीने छोट्या आरशाच्या खिळ्याकडे गेला. खिळ्यावर आरसा नव्हता. चष्मेवाल्याने तो केव्हाच मांडीखाली दाबला होता, आणि तो छताकडे बघत बसला होता.

घरी जाताना दादा मनाशी वाक्य जुळवत होता. येत नाही, एवढंच मालकाला नीट सांगायचं होतं. पण त्याला येणाऱ्या वाक्यांत ते कुठेच नव्हतं. हसला की खोकला, यावरही बरंच अवलंबून होतं.

बायकोने दाराची कडी काढली आणि काही विचारलं नाही. दुपारी धाकटे भावजी जेवायला घरी येऊन गेले होते. त्यांचं डोकं तिने बघितलं होतं, आणि इकडची चेअर फुल असल्याचंही ऐकलं होतं. तिने चहा आणून समोर ठेवला. आतून प्रश्न आला नव्हता, हे घोट घेतल्यावर दादाच्या ध्यानात आलं, कारण चहा इतका गोड होता की दात एकमेकांना चिकटले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला अंदाज होता तो. एवढी साखर त्याला आता सोसत नाही. त्याने तो तळापर्यंत प्यायला. मुलगी कोचावर येऊन बसली होती, आणि कुणी न विचारताच आपल्या खेळाच्या बाईंची नक्कल करत होती.

कपडे बदलायला तो आत गेला. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जमिनीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ दिसत होता. वर माळ्याच्या कडेला बॅगेचं एक चाक डोकावत होतं. त्याचे सगळे शर्ट तिच्यात होते. मोजेही. स्टूल कुठे ठेवतात, ते त्याला आठवेना, आणि विचारायचं जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी तो कालच्याच शर्टात दुकान उघडायला गेला.